मेंदूची रेडिओसर्जरी: सातारा-सांगलीच्या रुग्णांनी निर्णयापासून पाठपुराव्यापर्यंत काय करायचं

मिरजेच्या किंवा कराडच्या न्यूरोसर्जननं एमआरआय बघून ‘याला गॅमा नाइफ करता येईल, पुण्या-मुंबईला दाखवून या’ असं सांगितलं की घरात दोन टोकांची मतं पडतात. कुणाला वाटतं, कवटी न उघडता एका दिवसात गाठ निघून जाणार. कुणाला वाटतं, आता शेक (किरणोपचार) द्यायचा म्हणजे आशा संपली. दोन्ही समज चुकीचे आहेत. रेडिओसर्जरी म्हणजे कवटी न उघडता बारीक नेमानं दिलेले किरण, आणि गॅमा नाइफ हे त्यासाठीचं एक यंत्र. या किरणांनी गाठ निघत नाही. ती जागेवरच राहते, तिची वाढ थांबते आणि बऱ्याचदा ती हळूहळू आक्रसते. शिवाय हा उपचार फक्त कर्करोगावरचा नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता, चेहऱ्याच्या नसेची असह्य कळ, कानाच्या नसेवरची साधी (कर्करोग नसलेली) गाठ, पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीची गाठ या सगळ्यांवर तो वापरला जातो.

मशीनवरचा दिवस हा यातला सगळ्यात सोपा भाग असतो. यश-अपयश ठरतं ते त्याआधीच्या निदानावर, गाठीच्या आकारावर नि जागेवर, आणि त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या तपासण्यांवर. ही आधीची आणि नंतरची कामं बरीचशी सातारा, कराड, सांगली, मिरज इथेच होतात. म्हणून ती नीट समजून घेणं रुग्णाच्या हाताशी असलेलं सगळ्यात मोठं साधन आहे.

उपचारात नेमकं काय घडतं

स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये स्टॉकहोमला पहिलं गॅमा नाइफ रुग्णांसाठी वापरात आलं. भारतात दिल्लीचं एम्स आणि मुंबईचं हिंदुजा रुग्णालय इथे १९९७ मध्ये हे यंत्र सुरू झालं. सध्याच्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. पण सगळे किरण एका बिंदूत मिळतात तिथे मात्रा प्रचंड होते, आणि त्या बिंदूपासून काही मिलिमीटर दूर गेलं की ती झपाट्यानं घसरते. सगळ्यात लहान किरणझोत ४ मिमीचा, म्हणजे शाळूच्या दाण्याएवढा असतो.

मात्रेचं एकक ग्रे. नेहमीच्या किरणोपचारात रोज साधारण २ ग्रे असे सहा आठवडे दिले जातात. त्यात दोन बैठकांमधल्या वेळेत निरोगी पेशी स्वतःला सावरतात. रेडिओसर्जरीत बहुधा १२ ते २४ ग्रे एकाच बैठकीत देतात, त्यामुळे सावरायला वाव नसतो आणि नेम चुकून चालत नाही. म्हणूनच डोकं घट्ट धरणारी फ्रेम, एक मिलिमीटर जाडीच्या काप्यांचा एमआरआय आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाची पडताळणी हा सगळा खटाटोप.

किरणांमुळे पेशी त्याच दिवशी मरत नाहीत. त्यांचा डीएनए तुटतो आणि विभाजनाची वेळ आली की त्या संपतात. गुंत्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत होत काही वर्षांत बंद पडतात. कर्करोगाच्या गाठी काही आठवड्यांत प्रतिसाद देतात, साध्या गाठींना वर्ष-दीड वर्ष लागतं, रक्तवाहिन्यांच्या गुंत्याला दोन ते चार वर्षं. महिन्याभरानं एमआरआय करून ‘गाठ तेवढीच आहे, उपचार फुकट गेला’ म्हणून रडणारी कुटुंबं आहेत. हा वेळेचा हिशेब त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवा होता.

यंत्रं तीन प्रकारची. गॅमा नाइफ, सायबरनाइफ आणि रेडिओसर्जरीची सोय असलेला लिनॅक. सायबरनाइफ म्हणजे रोबोटच्या हातावर बसवलेला छोटा लिनॅक. तो मधूनमधून एक्स-रे काढून कवटीची जागा तपासतो आणि नेम दुरुस्त करत राहतो. लिनॅकमध्ये कोबाल्ट नसतो, विजेवर एक्स-रे तयार होतात. चेहऱ्याच्या नसेसारख्या अगदी बारीक लक्ष्यासाठी आमचा कल फ्रेमसह गॅमा नाइफकडे आहे. तीन सेंटिमीटरच्या आसपासच्या, तीन ते पाच बैठकांत विभागून द्यायच्या गाठीसाठी फ्रेमऐवजी चेहऱ्याच्या मास्कवर चालणारं कोणतंही चांगलं यंत्र चालतं. यंत्राच्या नावापेक्षा ‘या आजाराचे किती रुग्ण तुमच्याकडे वर्षाला होतात, आराखडा न्यूरोसर्जन आणि किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून करतात का, भौतिकशास्त्रज्ञ उपचाराच्या वेळी हजर असतात का’ हे तीन प्रश्न विचारा. कोबाल्ट जुना झाला म्हणून उपचार कमजोर होतो, हा गैरसमज आहे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं आहे. स्रोत जुने असतील तर तेवढीच मात्रा द्यायला मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

कुणाला लागू, कुणाला नाही

दुसऱ्या अवयवातला कर्करोग मेंदूत पसरला असेल आणि गाठी मोजक्या असतील तर रेडिओसर्जरी फार उपयोगी पडते. एकाच बैठकीची मात्रा आकारानुसार ठरते. २ सेंमीपर्यंत २४ ग्रे, २ ते ३ सेंमी १८ ग्रे, ३ ते ४ सेंमी १५ ग्रे ही अमेरिकेतल्या अभ्यासातून आलेली कमाल मर्यादा आजही पायाभूत मानतात. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर त्याहून थोडी कमी देतात. पूर्ण मेंदूला १० बैठकांत ३० ग्रे देण्याचा जुना मार्गही आहे, पण त्यानं स्मरणशक्ती मंदावते. गाठी एक ते चार असतील तर आधी रेडिओसर्जरीचा विचार व्हावा, असं आम्ही ठामपणे म्हणू. गाठी भरपूर असतील किंवा मेंदूच्या आवरणात पेशी पसरल्या असतील तर पूर्ण मेंदूचा शेक टाळता येत नाही.

कानाच्या नसेवरची श्वानोमा ही गाठ अडीच-तीन सेंमीच्या आत असेल आणि मेंदूच्या देठाला दाबत नसेल तर १२ ते १३ ग्रे पुरतात. दहातल्या नऊहून अधिक जणांची गाठ वाढायची थांबते. मात्र गेलेलं ऐकू येणं परत येत नाही आणि उरलेलंही पुढच्या वर्षांत कमी होऊ शकतं. मेनिंजिओमाला, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या, बहुधा साध्या गाठीला साधारण १२ ते १६ ग्रे. पिट्युटरीच्या गाठीत सगळी अडचण डोळ्यांच्या नसेची असते. तिला जेमतेम ८ ते १० ग्रे सोसतात, त्यामुळे गाठ आणि नस यांच्यात दोन-तीन मिलिमीटर तरी मोकळी जागा लागते. ती नसेल तर आधी नाकातून ऑपरेशन करून गाठ खाली आणतात आणि उरलेल्या भागाला किरण देतात.

एव्हीएम म्हणजे धमन्या आणि शिरा यांचा जन्मजात गुंता. तो तीन सेंमीच्या आत आणि खोल जागी असेल तर साधारण १८ ते २५ ग्रे दिले जातात. इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुंता पूर्ण बंद होईपर्यंत रक्तस्रावाचा धोका कायम राहतो, वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. ‘उपचार झाला, आता बिनघोर’ असं समजून रक्तदाबाची गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं.

चेहऱ्याच्या नसेची कळ, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दात घासताना, वारा लागताना विजेसारखी कळ जाते आणि दाढ काढूनही ती थांबत नाही. सांगली-साताऱ्याच्या बऱ्याच रुग्णांच्या दोन-तीन चांगल्या दाढा या दुखण्यात आधीच गेलेल्या असतात. कार्बामाझेपिन या गोळीनं भागत नसेल, आणि वयामुळे किंवा हृदयविकारामुळे ऑपरेशन झेपणार नसेल, तर नसेच्या मुळाशी ७० ते ९० ग्रे देतात. आराम काही आठवड्यांनी, कधी तीन-चार महिन्यांनी येतो, तोवर गोळी चालू ठेवायची. काहींच्या गालाला बधिरपणा येतो, काहींची कळ काही वर्षांनी परतते. तरुण आणि तंदुरुस्त माणसाच्या नसेवर रक्तवाहिनी दाबत असेल तर ऑपरेशनचा आराम जास्त टिकतो, हे त्यांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

हातांचा न थांबणारा कंप, औषधांना दाद न देणारी अपस्मार आणि अतितीव्र मंत्रचळ यांवरही काही निवडक केंद्रांत हा उपचार होतो. अपस्मारात मात्र ऑपरेशन शक्य असेल तर तेच अधिक परिणामकारक ठरलं आहे.

चार सेंमीपेक्षा मोठी गाठ, मेंदू एका बाजूला ढकलणारी सूज, वाढत चाललेली गुंगी, डोक्यात पाणी साठणं, या रुग्णांना बहुधा तातडीनं ऑपरेशन लागतं. रेडिओसर्जरीची वाट बघणं त्यांच्यासाठी घातक आहे.

कडी दिसली की आधी निदान

हा भाग आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून सविस्तर.

पस्तिशीतल्या माणसाला पहिली आकडी येते, एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) घेणारी कडीच्या आकाराची गाठ दिसते आणि अहवालात ‘मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कर्करोग) असू शकेल’ असं एक वाक्य येतं. भारतात अशा कडीची फार मोठी कारणं दोन: न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीची गाठ, आणि ट्यूबरक्युलोमा, म्हणजे क्षयाची गाठ. दोन्ही औषधांनी बऱ्या होतात. दोन्हींवर किरण देणं चूक आहे.

अळीची गाठ बहुधा २ सेंमीपेक्षा लहान आणि कड गुळगुळीत असते. आत बारीक ठिपक्यासारखं अळीचं डोकं दिसलं तर निदान जवळपास पक्कं. पातळ कापे न घेतल्यास हा ठिपका निसटतो. क्षयाच्या गाठी मोठ्या, कडेला ओबडधोबड, एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि भोवती सूज जास्त असते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतली रसायनं दाखवणाऱ्या तपासणीत, लिपिडचं (चरबीचं) उंच टोक येतं. छातीचा सीटी, थुंकीची तपासणी, मानेतल्या गाठी, घरात कुणाला टीबी झाला होता का हा प्रश्न, आणि एचआयव्हीची चाचणी या सगळ्यांतून चित्र स्पष्ट होतं. यातलं जवळपास काहीही करायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचं कृष्णा रुग्णालय इथे वेगवेगळ्या विभागांचं मत एकत्र घेता येतं.

कर्करोगाचं आधीचं निदान नसलेल्या रुग्णात मेंदूतली गाठ पसरलेला कर्करोगच आहे असं गृहीत धरायचं नाही. छाती-पोटाचा सीटी किंवा पेट-सीटी, स्तनांची तपासणी, आणि तरीही शंका राहिली तर बायोप्सी. किरण देऊन झाल्यावर बायोप्सीचा अर्थ लावणं अवघड होतं, म्हणून क्रम उलटा करू नका. श्वानोमा, मेनिंजिओमा, एव्हीएम यांचं निदान मात्र चित्रावरूनच बहुतेक पक्कं होतं, तिथे बायोप्सीचा आग्रह धरायचं कारण नाही.

फाईल इथेच बांधा

मोठ्या केंद्राच्या पहिल्या भेटीत डॉक्टरांना फिल्म नको असते, मोबाइलवरचा फोटो तर नकोच. त्यांना डायकॉम स्वरूपातली मूळ प्रतिमा लागते. एमआरआय केंद्रातून सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्या आणि तिथल्याच दुसऱ्या संगणकावर उघडते का ते बघूनच निघा. न उघडणाऱ्या सीडीमुळे पुण्याची पूर्ण फेरी वाया जाते, आणि ते वारंवार घडतं.

जुने सगळे एमआरआय सोबत ठेवा. साध्या गाठीत खरा प्रश्न ‘ती वाढते आहे का’ हा असतो, आणि त्याचं उत्तर दोन तारखांच्या तुलनेतच सापडतं. सत्तरीतल्या माणसाची, लक्षणं नसलेली, तीन वर्षं तेवढीच असलेली मेनिंजिओमा नुसती लक्ष ठेवून सोडता येते. किरण न देणं हाही चांगला निर्णय असू शकतो.

नवा एमआरआय करायचा असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: कॉन्ट्रास्टसह, त्रिमितीय टी-१, एक मिमी कापे. श्वानोमा किंवा चेहऱ्याच्या नसेसाठी यात नसा ठळक दाखवणारा सिस किंवा फिएस्टा हा एमआरआयचा चित्रणप्रकार वाढवायचा. कॉन्ट्रास्टआधी रक्तातलं क्रिएटिनिन लागतं. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा अहवाल सोबतच ठेवावा. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं उपकरण असेल तर आधी सांगा आणि त्याचं कार्ड दाखवा.

बाकी कागद आजारानुसार. श्वानोमासाठी ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी), त्यात शब्द ओळखण्याची चाचणीही हवी. पिट्युटरीसाठी दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि हार्मोन: सकाळी आठचं कॉर्टिसॉल, टीएसएच आणि फ्री टी-४, प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१, तसंच लैंगिक हार्मोन. उपचाराआधीचे हे आकडे नोंदलेले नसतील तर नंतर काय बिघडलं ते कधीच कळत नाही. कर्करोगाच्या रुग्णानं मूळ बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक (तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा), केमोच्या तारखा, आधी डोक्याला शेक दिला असल्यास त्याची मात्रा आणि आराखडा सोबत न्यावा. पूर्वीची मात्रा माहीत नसेल तर पुन्हा किरण देणं अंधारात चालल्यासारखं होतं.

मेंदूत पसरलेल्या कर्करोगात उपचाराआधीचा एमआरआय एक-दोन आठवड्यांतलाच हवा. दीड महिन्यापूर्वीच्या चित्रावर आराखडा केला तर गाठ त्या हद्दीबाहेर वाढलेली असते, किंवा नव्या गाठी उगवलेल्या असतात.

पैशांचं आधी बोला. अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात आराखड्याचा एमआरआय, सीटी, एव्हीएम असेल तर अँजिओग्राफी, फ्रेम, मुक्काम आणि पहिला पाठपुरावा धरला आहे का ते विचारा. आरोग्य विमा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: विमा नियामकानं आधुनिक उपचारांच्या ज्या यादीला संरक्षण द्यायला सांगितलं आहे, तिच्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी आहे. मात्र पॉलिसीत त्यावर वेगळी कमाल मर्यादा असू शकते, ती पॉलिसीच्या कागदात शोधा. रात्रभर भरती नसल्यानं दावा अडायला नको, म्हणून पूर्वमंजुरी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हे रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमका हाच उपचार मंजूर यादीत बसतो का, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं घ्या. योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका.

आदल्या आठवड्यात

आकडीच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, उपचाराच्या सकाळीसुद्धा नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवू नका आणि लपवूही नका. अँजिओग्राफी होणार असेल तर त्यांचा निर्णय तिथले डॉक्टर घेतील, मेटफॉर्मिनबद्दलही तेव्हाच विचारा. उपाशी राहायचं की नाही हे केंद्रागणिक बदलतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा प्रश्न आदल्या दिवशी फोन करून सोडवावा. गर्भधारणेची शक्यता असेल तर चाचणी करून घ्या.

केस कापावे लागत नाहीत. आदल्या रात्री शाम्पूनं धुवा, तेल लावू नका. टिकल्या, नथ, मंगळसूत्र, हेअरपिना घरीच ठेवा. खोटे दात काढता येण्यासारखे असतील तर डबी सोबत घ्या.

साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटरच्या आसपास आहे, पण सकाळी सातला फ्रेम लावायची असेल तर पहाटे खंबाटकीच्या रांगेत अडकण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोचलेलं बरं. सांगली-मिरजेकडच्यांना पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून पुण्याला चार-पाच तास धरावे लागतात. मुंबईला जायचं तर मिरज, सांगली, कराड, सातारा असं करत रात्रीतून जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, पण उतरल्या उतरल्या उपचार ठेवू नका, मध्ये एक दिवस घ्या. कर्करुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आकडी येऊन गेलेल्या रुग्णाला खालचा बर्थ द्या आणि सोबत जागा राहणारा माणूस ठेवा.

मशीनचा दिवस

पहिली पायरी फ्रेम. रुग्ण खुर्चीत बसलेला असतो. कपाळावर दोन आणि मागे दोन अशा चार ठिकाणी भुलीचं इंजेक्शन देतात. इंजेक्शनची आग साधारण अर्धा-एक मिनिट होते, दिवसातला सगळ्यात दुखरा क्षण हाच. मग चार पिना त्वचेतून कवटीच्या बाहेरच्या थरावर घट्ट टेकवतात. त्या मेंदूत जात नाहीत. पुढची दहा-पंधरा मिनिटं डोकं आवळल्यासारखं वाटतं, नंतर तो दाब बधिर होतो. लहान मुलांना बहुधा पूर्ण भूल देतात.

दुसरी पायरी चित्रण. फ्रेमवर खुणांची पेटी बसवून एमआरआय करतात, त्यामुळे मेंदूतल्या प्रत्येक बिंदूला फ्रेमच्या मापात पत्ता मिळतो. एमआरआयची प्रतिमा चुंबकीय कारणानं किंचित विकृत होऊ शकते, म्हणून गरजेनुसार सीटी करून दोन्ही एकावर एक बसवतात. एव्हीएमच्या रुग्णाची याच फ्रेमसह अँजिओग्राफी होते. रुग्ण इथे हलला तर कापे धूसर येतात आणि चित्रण पुन्हा करावं लागतं. खोकला असेल तर आधीच सांगा.

तिसरी पायरी आराखडा, आणि ती रुग्णाच्या नजरेआड होते. न्यूरोसर्जन गाठीची कड आखतात, किरणोपचारतज्ज्ञ मात्रा ठरवतात, भौतिकशास्त्रज्ञ ४, ८ आणि १६ मिमीचे झोत कुठे किती वेळ टाकायचे ते मांडतात. गॅमा नाइफमध्ये गाठीच्या कडेला पोचणारी मात्रा बहुधा मध्यावरच्या कमालीच्या निम्मी ठेवतात. डोळ्याची नस, मेंदूचा देठ, आतला कान यांना किती पोचेल ते वेगळं तपासतात. आसपासच्या मेंदूचा १२ ग्रेहून जास्त मात्रा पडणारा भाग १० घन सेंमीच्या वर गेला तर पुढे मेंदूची ऊती मरण्याचा धोका वाढतो, म्हणून तसं होत असेल तर मात्रा विभागून देतात. यात एक ते तीन तास जातात. रुग्णाला हलका नाश्ता चालतो, नातेवाइकांनी ‘अजून का नाही’ म्हणून घाई करू नये.

चौथी पायरी प्रत्यक्ष किरण. फ्रेम टेबलाला अडकवतात आणि टेबल आत सरकतं. लक्ष्याच्या संख्येनुसार वीस मिनिटांपासून दोन-तीन तास. काही दिसत नाही, भाजत नाही, एमआरआयसारखा खडखडाटही नसतो. आतून बोलता येतं, बाहेर कॅमेऱ्यावर सगळं दिसतं. मळमळ किंवा लघवी लागली तर सांगा, उपचार मध्येच थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येतो.

मास्कच्या पद्धतीत पिना नसतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ओढून साचा करतात, तो थंड झाला की कडक होतो. प्रत्येक बैठकीआधी सीटी किंवा एक्स-रेनं जागा जुळवतात. सुजेसाठी स्टेरॉइड चालू असताना चेहरा फुगतो, मग तीन-चार दिवसांत मास्क आवळायला लागतो. असं वाटलं की लगेच सांगायचं, कारण ढिला किंवा ताणलेला मास्क म्हणजे सरकलेला नेम.

फ्रेम काढल्यावर पिनांच्या जागी थोडं रक्त येतं, दाबून पट्टी लावतात. संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सुट्टी. निघताना उपचाराचा सारांश मागून घ्या: मात्रा, ती कमाल मात्रेच्या किती टक्क्यांच्या रेषेवर दिली, गाठीचं घनमान, डोळ्याची नस आणि देठ यांना मिळालेली मात्रा. हा कागद आणि आराखड्याचा एमआरआय आयुष्यभर जपायचा आहे.

घरी आल्यावर

रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवंडाला मांडीवर घेता येतं, एकाच ताटात जेवता येतं, वेगळी खोली लागत नाही. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगा, कारण या भीतीपोटी माणसं घरातच वाळीत पडतात.

पहिल्या दिवशी डोकेदुखी, डोक्याच्या त्वचेला बधिरपणा, कधी डोळ्यांभोवती सूज येते. पॅरासिटामॉल पुरते. पट्टी दुसऱ्या दिवशी काढा, डोकं दोन दिवसांनी धुवा. पिनांच्या जागेवर हळद, राख किंवा झाडपाला लावू नका, दिलेलं मलमच लावा. लाली वाढून पू आला तर डॉक्टरांना दाखवा. गाठ कवटीच्या अगदी जवळ असेल तरच तेवढ्या जागचे केस काही आठवड्यांनी गळतात आणि बहुधा परत येतात.

डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) दिलं असेल तर चिठ्ठीतल्या क्रमानंच कमी करत बंद करा. बरं वाटलं म्हणून एकदम तोडल्यास सूज उसळते आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही कमी पडतं. मधुमेह्यांची साखर या काळात तीनशेच्या वर जाऊ शकते, रोज तपासा आणि स्थानिक फिजिशियनला कळवून ठेवा. ही गोळी जेवणानंतर आणि पित्ताच्या गोळीसोबत घ्यायची.

आकडी, वारंवार उलटी, वाढती गुंगी, एका बाजूच्या हातापायातलं बळ कमी होणं, अचानक कधी नव्हे अशी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही झालं तर पुण्या-मुंबईचा फोन लावत बसू नका. जवळच्या सीटी असलेल्या रुग्णालयात थेट जा आणि उपचाराचा सारांश दाखवा. आकडी येऊन गेलेल्यांनी डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवू नये, विहिरीवर आणि ट्रॅक्टरवर एकट्यानं काम करू नये.

पुढची वर्षं

पसरलेल्या कर्करोगात दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय, कारण उपचार केलेली गाठ शांत असली तरी दुसरीकडे नवी उगवू शकते, आणि लहान असताना सापडली तर पुन्हा रेडिओसर्जरी करता येते. श्वानोमा आणि मेनिंजिओमासाठी सहा महिने, वर्ष आणि मग वर्षाला एकदा. हे एमआरआय मिरज किंवा साताऱ्यात करायला हरकत नाही, फक्त दर वेळी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीनं करा आणि डायकॉम फाईल मूळ केंद्राला पाठवा. नुसत्या अहवालावर विसंबू नका. आधीची चित्रं समोर नसलेला रेडिओलॉजिस्ट ‘गाठ वाढली’ असं लिहू शकतो.

श्वानोमा पहिल्या सहा ते अठरा महिन्यांत बऱ्याचदा तात्पुरती फुगते, मध्यभाग काळा पडतो आणि नंतर ती आक्रसते. या टप्प्यावर घाबरून ऑपरेशन केलेले रुग्ण विनाकारण चेहरा हलवणारी नस गमावतात. लक्षणं वाढत नसतील तर सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढून बघणं हाच योग्य मार्ग.

कर्करोगाच्या गाठीत सहा महिने ते दीड वर्षात उपचाराच्या जागी सूज आणि नवी कडी दिसली तर दोन शक्यता: गाठ परतली, किंवा किरणांमुळे तिथली ऊती मेली. साध्या एमआरआयवर दोन्ही सारखी दिसतात. परफ्युजन एमआरआय (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारा) आणि पेट यांनी फरक कळायला मदत होते. ऊती मेली असेल तर स्टेरॉइड, ते पुरलं नाही तर बेव्हासिझुमॅब हे औषध, आणि क्वचित ऑपरेशन. गाठ समजून पुन्हा किरण दिले तर नुकसान दुप्पट होतं. सारांशाचा कागद जपायला सांगितला तो याचसाठी.

एव्हीएममध्ये दर सहा ते बारा महिन्यांनी एमआरआय, आणि तो स्वच्छ दिसला की साधारण तिसऱ्या वर्षी अँजिओग्राफी. गुंता बंद झाला हे अँजिओग्राफीनंच सिद्ध होतं. ती टाळायचा मोह होतो, कारण रुग्णाला काहीच त्रास नसतो. थोडा जरी गुंता उघडा राहिला तरी रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेव्हा दुसऱ्यांदा उपचाराचा विचार करावा लागतो.

पिट्युटरीच्या रुग्णानं दर सहा महिन्यांनी ते वर्षानं हार्मोन तपासायचे, आणि हे पाच-दहा वर्षांनंतरही थांबवायचं नाही, कारण ग्रंथी हळूहळू कमजोर होते. थकवा, भूक मरणं, पाळी थांबणं, उन्हात चक्कर येणं याला अशक्तपणा म्हणून टॉनिक घेत बसू नका, सकाळचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-४ करा. दोन्ही कमी आले तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं स्टेरॉइड) आणि मगच थायरॉइडची गोळी सुरू होते, उलट केल्यास रुग्ण कोसळू शकतो. हायड्रोकॉर्टिसोनवर असलेल्यानं ताप आला की डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा, उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, आणि खिशात ‘मी स्टेरॉइडवर अवलंबून आहे’ असं मराठीत लिहिलेलं कार्ड कायम ठेवायचं.